मार्कशिटांच्या बदल्यात

"आई, माझी फाईल कुठाय?" मी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "कसली फाईल?"

"कसली म्हणजे? निळी. माझ्या मार्कशिटांची. कपाटाच्या वरच्या खणात बाबांच्या कागदांखाली असायची."

"उमाकांतला विचार."

"दादाला कशाला विचारू? कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला."

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "च्या घेतलास का गं?"

इथेच माझं डोकं फिरायला लागलं. आमच्या आईला उत्तर द्यायचं नसलं की ती चहाचं विचारते. बाबा माझं लग्न ठरवून आले आणि मी विचारलं, एम.ए.चं काय, तेव्हाही तिने मला चहाच विचारला होता.

तर त्या वर्षी मी लॉ कॉलेजला अर्ज केला होता. दोन पोरं शाळेत जाणारी, नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आणि मला वकील व्हायचं होतं. का, म्हणाल तर मला भांडता येतं. रेशनवाल्याशी भांडले, पोरीला मागच्या बाकावर टाकणाऱ्या मास्तरांशी भांडले, शेजारणीच्या नवऱ्याशी तर तिच्या वतीने भांडले. शेवटी आमचे हे, अरुण, एकदा म्हणाले, "फुकट घसा कशाला सुकवतेस? रीतसर शिकून भांड की." चेष्टेत म्हणाले असतील. मी दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज आणला आणि आईला फोनवर सांगूनही टाकलं.

आणि सोलापूरच्या एका कॉलेजच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलं. बी.ए.ला फर्स्ट क्लास होता माझा, असातसा नाही. फक्त एक अट होती. दहावी, बारावी, बी.ए.च्या मार्कशिटा आणि कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळं मूळ, यादी लागल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काउंटरवर पोचायला हवं होतं. "झेरॉक्स चालणार नाही मॅडम," तिथला क्लार्क म्हणाला होता. "ओरिजिनल नसले तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला बोलावणार." मी जरा रदबदली करून बघितली. त्याने मान वर केली नाही.

मार्कशिटा होत्या माहेरी. लग्नात भांडी दिली, गादी दिली, शिलाई मशीन दिलं, पण माझं शिक्षण मात्र बाबांनी कपाटात ठेवून घेतलं. "तुझ्या सासरी दोन खोल्या," ते म्हणाले होते, "कुठंतरी गहाळ होईल. इथं सुरक्षित आहे." मलाही ते पटलं होतं. मी अर्ज केला तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं.

म्हणून यादी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने निमगावला आले होते. फाईल घ्यायची, भाकरी खायची आणि दुपारच्या गाडीने परत, एवढाच बेत.

बाहेर सोप्यात माझी थोरली बहीण शकूअक्का बसली होती. तिला बघून मला आश्चर्यच वाटलं. बार्शीकडं दिलेली बाई, सणाशिवाय येत नाही. अंगावर नवी कोरी साडी, घडीच्या खुणा अजून तशाच.

"तू कधी आलीस?"

"काल."

"आणि ही साडी? काय आहे काय आज?"

अक्काने आईकडं बघितलं. आईने तव्याकडं. तेवढ्यात दादा आला. उमाकांत आमचा, दोघी बहिणींच्या मधला. गावात सिमेंटची एजन्सी, पांढरा शर्ट, खिशात पेन. बाबा गेल्यापासून घरातला कर्ता.

"अगं वैजे! बरं झालं आपण होऊन आलीस. मी आत्ता तुला फोनच लावणार होतो. दाजी बरे? पोरं?"

"सगळे बरे. दादा, माझी फाईल?"

"हाय की. शेटे वकिलाकडं हाय."

"माझी फाईल वकिलाकडं कशाला?"

"अगं, तुझ्या नावाचा, वयाचा पुरावा लागत होता थोडा. चल, जेवून घे. आपल्या सगळ्यांनाच तालुक्याला जायचंय. तिथंच देतो."

"सगळ्यांना कशाला?"

"चल तर. गाडीत बोलू." आणि त्याने एक पिशवी माझ्या हातात दिली. आत साडी होती. अक्काच्या साडीसारखीच, फक्त रंग वेगळा.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आमच्या भागात भाऊ बहिणींना सणाविना साडी घेतो ते एकाच कामासाठी. बाप मेला की बहिणींनी जमिनीवरचा हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, सरकारी कचेरीत जाऊन सही करायची, आणि भावाने साडीचोळी करून बोळवण करायची. त्याला हक्कसोड म्हणतात. कोणी बाई नाही म्हणत नाही. नाही म्हणणारीला सगळं गाव नावं ठेवतं, भावाच्या ताटातलं ओढलं म्हणून. पण माझ्या डोक्यात मार्कशिटा, माझं कुठं लक्ष!

जीपमध्ये आई पुढं बसली, आम्ही दोघी मागं. गाव सोडल्यावर दादाने आरशातून माझ्याकडं बघितलं.

"हायवेच्या कडेचं रान हाय ना आपलं, तिथं पेट्रोल पंप येतोय. कंपनीवाले येऊन बघून गेले. फक्त म्हणतात, उतारा एका नावावर पाहिजे. तर एक छोटी सही लागंल तुम्हा दोघींची."

"हक्कसोड?"

"नाव काय का असंना. आपल्यातच हाय की."

"मग असं सरळ सांगायचं ना घरी. गाडीत बसवून कशाला?"

"आता काय सांगितलं मग?" तो हसला. दादा फार गोड हसतो. लहानपणी माझ्या वाटणीचा आंबा खाऊनही असाच हसायचा आणि मार मला बसायचा.

अक्का माझ्या कानात म्हणाली, "वैजे, मी करणार बाई. तूही करून टाक. आपल्याला काय कमी हाय? भावाच्या दारात उभं राहता येतं, ते काय कमी हाय?"

खरं सांगते, जमिनीचा विचार मी त्या दिवसापर्यंत कधी केलाच नव्हता. मागायची म्हणून नाही आणि सोडायची म्हणूनही नाही.

शेटे वकिलाचं ऑफिस कचेरीच्या समोरच. आई म्हणाली, मी गाडीतच बसते. आम्ही तिघं आत गेलो. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, बोलणं तुपातलं. "या ताई, या! तुमची फाईल बघितली मी. फर्स्ट क्लास! आता तुम्ही पण आमच्याच धंद्यात येणार म्हणे. चहा सांगू?"

"चहा नको. फाईल द्या."

त्याने टेबलाचा खण उघडला. माझी निळी फाईल काढून स्वतःसमोर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. हात काढला नाही.

"देतो की. आधी एवढं उरकून घेऊ. इथं, इथं आणि इथं." त्याने पुढं सारलेल्या कागदावर पेन्सिलीने फुल्या करून ठेवल्या होत्या.

"आणि नाही केली सही तर?"

"वैजे," दादा म्हणाला.

"नाही, विचारतेय मी. नाही केली तर फाईल मिळणार नाही?"

वकील हसला. "असं कोण म्हणतंय? पण बघा ताई, फाईल दिली की तुम्ही गाडी पकडणार. मग पुन्हा कधी येणार? पुन्हा तारीख, पुन्हा धावपळ. सगळं एकदमच होऊ द्या."

"दादा, उद्या दुपारपर्यंत मला ह्या मार्कशिटा जमा करायच्यात. नाहीतर माझी जागा जाणार. माहीत आहे ना तुला?"

"माहीत हाय की. म्हणून तर आजच उरकू म्हणतोय."

काय बोलायचं अशा माणसाला! ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. हा लाडाने गळा दाबत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "दादा, हा सौदा झाला. माझ्या शिक्षणावर माझ्या बापाच्या जमिनीचा सौदा."

"तुझ्या शिक्षणाला पैसा कुणी घातला? बाबांनीच ना? आणि बाबांच्या मागं हे घर कोण बघतंय? आईला कोण बघतंय? तू येऊन बघतीस?" आता त्याचा आवाज जरा चढला. "दहा ठिकाणी विचार, कुठली बहीण असं बोलती."

अक्का माझा हात दाबत होती. मी शेवटचं पान ओढून वाचलं. तिथं लिहिलेलं होतं की, हा दस्त आम्ही पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देत आहोत. समोर वकिलाचा हात, हाताखाली माझी दहावी-बारावी, आणि मी स्वखुशीने. मला हसूच आलं. बरं वाटणारं हसू नव्हे ते.

मी सही केली. हो, केली. तीन ठिकाणी. म्हटलं, जाऊ दे चुलीत ती जमीन. मला माझी फाईल पाहिजे. मी वकील होईन आणि मग बघून घेईन एकेकाला.

"झालं? द्या आता."

"होऊ द्या की ताई," वकील उठत म्हणाला. "समोर साहेबांपुढं कबुली व्हायची राहिलीय अजून. ती झाली की दिलीच समजा." आणि माझी फाईल काखोटीला मारून तो पुढं चालायला लागला.

मी त्याच्या मागून रस्ता ओलांडला. दादाने जीपमधून आईलाही उतरवून मागोमाग आणलं.

दस्त नोंदवायच्या त्या कचेरीत गर्दी होती. टेबलामागं साहेब म्हणून एक बाई होत्या, सर्दीने बेजार, नाकाला रुमाल. एकेक नाव पुकारायचं, फोटो काढायचा, अंगठा मशीनवर, आणि एक प्रश्न विचारायचा. प्रश्न त्या इतक्या वेळा विचारत होत्या की विचारताना समोर बघतसुद्धा नव्हत्या.

आमचा नंबर आला. त्यांनी पहिलं नाव घेतलं. "गोदावरी रामचंद्र काळेल."

ती आमची आई.

मला वाटलं चुकून घेतलं. पण दादाने आईला दंडाला धरून टेबलापुढं नेलं. आई बसली. साहेबबाईंनी पानं चाळली. "आजी, तुमचा हिस्सा मुलाच्या नावे सोडताय. मजकूर वाचून दाखवला? खुशीने देताय?"

"व्हय," आई म्हणाली.

"आई!" मी ओरडले. सगळी कचेरी वळून बघायला लागली. "आई, तुझा पण? तू तुझा हिस्सा पण देतीयेस?"

"गप गं," आई मागं न बघता म्हणाली.

"दादा, तिचा कशाला? ती उद्या कुठं जाणार आहे सासरी? तिचं काय राहिलं मग? तिच्या नावावर चार गुंठे राहू दिले असते तर तुझा पंप पडला असता?"

"एका नावावर म्हणजे एका नावावर," दादा दात खाऊन म्हणाला. "तमाशा करू नको."

आईची तर कुठली मार्कशीटही अडकलेली नव्हती. तिला काय देणार होता हा? आईने अंगठा पुढं करून हात मशीनकडं नेला. मी तो हात बघितला आणि मग माझं मला भान राहिलं नाही. मी पुढं जाऊन तो हात बाजूला ओढला.

"मॅडम, आधी माझं विचारा. मी वैजयंता. तिसरं नाव माझं."

साहेबबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "तुमचा नंबर नंतर आहे."

"नंतर काय, एकच गोष्ट आहे. मला कबूल नाही. सही माझी आहे, पण खुशी माझी नाही. माझ्या मार्कशिटा ह्या वकिलाच्या काखेत आहेत. ती निळी फाईल. सही केलीस तरच देतो म्हणालेत. उद्या माझी लॉ कॉलेजची ॲडमिशन आहे. आता तुम्हीच सांगा, ह्याला खुशी म्हणायचं का?"

कुणीतरी मागून खीः करून हसलं. शेटे वकिलाचं गंध घामाने ओघळलं होतं.

साहेबबाई नाक पुसत म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा. तुमची कबुली नाही, एवढंच मला कळलं. शेटे, बाकीच्यांचं करायचं का?"

"करा, करा," दादा म्हणाला.

वकील त्याच्या कानाशी लागला, पण आम्हाला ऐकू येत होतं. "एकीचं राहिलं तर उपयोग नाही, उमाकांतराव. कंपनी हात लावणार नाही. खर्च तेवढा अंगावर पडेल." दादाने टेबलावरचा दस्त उचलला, घडी न करताच मुठीत धरला आणि बाहेर गेला. अक्का रडत त्याच्या मागं.

मी वकिलापुढं उभी राहिले. "फाईल."

"अहो ताई, शांतपणे..."

"पोलीस ठाणं पलीकडच्या गल्लीत आहे. मी जाते. तक्रारीत पहिलं नाव तुमचं घालते, भावाचं नंतर. उद्या ह्याच कचेरीत कुठल्या तोंडाने येणार ते बघा."

त्याने फाईल माझ्या हातात दिली. एवढं म्हणाला, "तुम्ही वकील होऊ नका ताई. तुम्हाला तडजोड जमत नाही."

"तुमच्याशी सोडून बाकी सगळ्यांशी जमते मला," मी म्हटलं. तिथंच उभं राहून मी एकेक कागद काढून बघितला. सगळे होते.

बाहेर दादा जीपपाशी. तो आता हसत नव्हता. "वैजे, आजपासून माहेर संपलं तुझं. माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"दार बाबांचं आहे," मी म्हटलं आणि साडीची पिशवी त्याच्या बॉनेटवर ठेवून चालायला लागले.

स्टँडवर सोलापूरची गाडी लागलेली होती. मी खिडकीजवळ जागा धरली, फाईल मांडीवर घट्ट धरून बसले. तेवढ्यात खिडकीखाली आई. धापा टाकत आलेली, पदर खांद्यावरून उतरलेला. मला वाटलं, मला धीर द्यायला आली.

"वाटोळं केलंस तू," ती म्हणाली. "सगळ्याचं वाटोळं."

"मी केलं? मी?" मी गाडीतून उतरले. "माझी फाईल चोरून वकिलाकडं नेऊन ठेवली त्याने, आणि वाटोळं मी केलं?"

"त्यानं न्हाई नेली. मी दिली."

"त्याने मागितली म्हणून दिलीस. ते कळलं मला."

"त्यानं मागितली बी न्हाई. त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं कुठं असती. मीच कपाटातनं काढून दिली. म्हटलं, ही हातात असल्याबगर वैजी सही करायची न्हाई. मला तुझा स्वभाव माहीत."

कंडक्टर कुणाला तरी ओरडत होता, आणि मी त्या बाईकडं बघत उभी होते. शाळेत असताना माझ्या परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून दह्यात साखर घालून देणारी माझी आई, तिनेच माझ्या मार्कशिटा माझ्याविरुद्ध काढून दिल्या होत्या.

"का?" माझा आवाज फाटला. "का केलंस असं? तुझी मुलगी नाही मी?"

"मुलगी हाईस म्हणूनच. आई-बाप किती दिवसाचे? मागनं बाईला भाऊच असतो. माझ्या बापाच्या मळ्यावर मी सही दिली, म्हणून तुमचा मामा दर उन्हाळ्यात तुम्हाला न्यायला यायचा. सखूमावशीनं दिली न्हाई, तिच्या मयतीला तरी आला का तो? रान जाऊ दे गं, रानात काय हाय? तुझ्या कॉलेजचं बी झालं असतं, भाऊ बी राहिला असता. दोन्ही झालं असतं. तू सगळं मोडलंस."

"आणि तुझा हिस्सा? तो कशासाठी देत होतीस? तुझा कुठला भाऊ राहणार होता?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला ह्याच्याच घरी राहायचं हाय, वैजे. ह्याच्याच बायकोच्या हातचं खायचं हाय. न्हाई म्हणून कुठं जाऊ? तू ठेवशील मला?"

"ठेवते की! बस गाडीत. आत्ता बस. चल!" मी तिच्या दंडाला धरून ओढलं. रागानेच ओढलं, प्रेमाने नाही. "दोन खोल्यांत राहू, जमिनीवर झोपू, पण चल. बघू कोण काय करतं!"

तिने गाडीकडं बघितलं. खरंच बघितलं, पायरीपासून टपापर्यंत. एक क्षण मला वाटलं, चढते आता.

"म्हशीची धार राहिलीया," ती म्हणाली. "सूनबाईला लाथ मारती ती." आणि माझा हात सोडवून जीपकडं निघाली.

मी तिच्या पाया पडले नाही. गाडी सुटली तरी मागं बघितलं नाही. बार्शी नाका येईपर्यंत मी नुसती दातओठ खात होते. दादावर, त्या तेलकट वकिलावर, आणि सगळ्यांत जास्त तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचं काउंटर उघडायच्या आधी मी आणि अरुण दारात उभे होतो. तोच क्लार्क. त्याने एकेक मार्कशीट उजेडाकडं धरून बघितली, शिक्का बघितला, यादीवर टिकमार्क केली. मग विचारलं, "बी.ए. झाल्यावर मधे एवढी वर्षं गॅप का? कारण लिहून द्यावं लागेल."

"लिहा," मी म्हटलं, "बापाने कपाटात ठेवलं होतं."

"मॅडम, असं नसतं. घरगुती कारण लिहा."

अरुणने माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'घरगुती कारण' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. नाहीतर माझी ॲडमिशन त्या काउंटरवरच मोडली असती. झाली एकदाची. मी वकील झाले, सोलापुरात प्रॅक्टिस करते, आणि हिश्शासाठी आलेली कुठलीही बाई असली की पहिलं विचारते, तुमचे कागद कुणाकडं आहेत?

माहेर मात्र संपलं नाही. ते कसं, तेच सांगायचं राहिलं. पंपाची कंपनी दुसऱ्याच्या रानात गेली, तरी दादाची आशा सुटली नाही. आज ना उद्या दुसरी येईल, तेव्हा सह्या लागतील. म्हणून सहा महिन्यांतच त्याचा फोन आला, गोड आवाजात, "दिवाळीला ये की गं, राग किती दिवस धरायचा." मी गेले. आईसाठी गेले, जरी तिच्याशी पहिले दोन दिवस धड बोलले नाही. पुढं दर दिवाळीला जात राहिले. दादा स्टँडवर न्यायला यायचा. वहिनी पाटावर बसवायची. अक्कालाही बोलावणं, कारण तिची कबुलीही त्या दिवशी राहिलेलीच होती. त्या मानपानाचा मला संताप यायचा. प्रत्येक घासाबरोबर कळायचं की हे कशाचं आहे.

मला सनद मिळाली त्या वर्षीची दिवाळी. आई थकली होती, पण अंगावर चांगलं लुगडं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, खाली मऊ गादी. दादा स्वतः तिच्यासाठी पेलाभर गरम दूध घेऊन आला, उशाशी ठेवलं, पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि गेला. मी बघतच राहिले.

"रोज आणतो?" मी विचारलं.

"रोज." आईने दाराकडं बघून घेतलं. "आणि रोज विचारतो, आई, तुझ्यापुरतं तरी करून टाकू, कधी जायचं तालुक्याला? मी म्हणते, गुडघा धरलाय रे, जरा बरा होऊ दे."

मला पहिल्यांदा नीट कळेना. मग कळलं आणि मी तिच्याकडं डोळे फाडून बघितलं. "म्हणजे तू... सही करणार नाहीस?"

"शेजारच्या तारीनं केली पोराला. गोठ्यात खाट हाय आता तिची." ती थांबली. "तू तवा हात वढला नसतास तर माझी बी असती."

"मग किती दिवस दुखणार हा गुडघा?"

"मरस्तवर दुखंल की," ती म्हणाली आणि हसायला गेली. पण हसू फुटायच्या आधीच तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने तोंडात पदर कोंबला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. "पोटचा पोरगा हाय गं माझा, वैजे. पोटचा."

मी पेला उचलून तिच्या हातात दिला. म्हटलं, "पी. गार होतंय."